येते म्हणावं

“पाचाचे चार झाले. ह्या घरात पाणी प्यायला दुसरं भांडंच उरलं नाही जणू. उद्या काही झालं म्हणजे मग म्हणतील, आईनी आधी सांगितलं नाही,” सासूबाई खिडकीशी पुटपुटत होत्या. त्यांच्या मागं जेमतेम हातभर अंतरावर विशाखा उभी होती, आणि पाचवा पेला तिच्या हातात होता. स्वयंपाकघरातली सगळी भांडी मोरीत पडलेली. त्या उन्हाळ्यात लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं, आणि भांडी दोन वेळची एकदम घासायची असं घरात ठरलेलं होतं. तहान मात्र ठरवून लागत नाही. म्हणून तिनं खिडकीतल्या उतरंडीवरची घंटा बाजूला ठेवून वरचा पेला उचलला होता, माठातून भरून घेतला होता, आणि अर्धा पेला पाणी पोटात गेल्यावर दुसऱ्या हातातला फोन थरथरला होता. नांदेडहून गुरुपादप्पा सरांचा, तिच्या प्रबंधाच्या मार्गदर्शकांचा, मेसेज. सर मराठी टाइप करायला नुकतेच शिकले होते, त्यामुळे ते तारेसारखं लिहीत. ‘दगडोबा उठला. कधी येतेस.’ प्रश्नचिन्ह त्यांना अजून सापडलं नव्हतं. विशाखानं ते वाचलं, उरलेलं पाणी पिऊन टाकलं, आणि अशा वेळी काय करायचं असतं ते न कळून म्हणाली, “आई, हा घ्या पेला.” सासूबाईंनी वळून तिच्याकडं नाही, पेल्याकडं पाहिलं. “पुसून,” त्या म्हणाल्या.

पाच पेले, एक उपडा, एक सुलटा, पुन्हा उपडा, आणि सगळ्यात वर देवघरातली पितळी घंटा. त्र्याण्णवच्या गणपतीनंतर ही उतरंड त्या खिडकीत आली आणि मग हलली नाही. सुरुवातीला लातुरात घरोघरी असं काहीतरी होतं. कुणी तांब्यावर ताटली ठेवी, कुणी दोरीला चमचे टांगी. जमीन हलली की आधी ते वाजावं आणि माणसांनी रस्त्यावर पळावं. मग हळूहळू धक्के थांबले, लोकांनी आपापले तांबे परत वापरात घेतले, पत्रे काढून स्लॅब टाकले, स्लॅबवर मजले चढवले आणि मजल्यांवर हॉस्टेलं. सासूबाईंचे पेले तेवढे राहिले. ते पडत नसत असं नाही. मांजरानं पडत, मिक्सरनं पडत, वरच्या हॉस्टेलातल्या मुली दोरीवरच्या उड्या मारत तेव्हा पडत, टँकर दारात मागं घेताना पडत. पडले की घरातलं प्रत्येक माणूस हातात असेल ते टाकून, अनवाणी, रस्त्यावर. समोरचा किराणावाला बसलिंगप्पासुद्धा तागडी तशीच लोंबती सोडून बाहेर येई. “काकू, मी टीव्ही बघत न्हाई,” तो सांगे, “तुमची खिडकी बघतो.” लग्नानंतर, नव्या सुनेच्या उत्साहात, विशाखानं एकदा समजावलं होतं की आई, आपण तीनच पेले ठेवू, म्हणजे उगीच पडायचे नाहीत. सासूबाईंनी शांतपणे विचारलं होतं, “आणि खरं आलं, आणि तुझे तीन पेले उभेच राहिले, तर?” खरं म्हणजे ह्याच प्रश्नाच्या उत्तरासाठी ती लग्नाआधी नांदेडला संशोधनाला दोन वर्षं बसली होती. लग्न ठरताना हे घर पाहून आल्यावर सरांना तिनं पेल्यांची गोष्ट सांगितली तेव्हा ते खुर्चीतून उठून उभेच राहिले होते. “किती पेले रचायचे,” ते म्हणाले होते, “हाच तर आपला विषय की गं.”

दगडोबा म्हणजे एक तारा. म्हणजे जळून, कोसळून, आवळून उरलेलं ताऱ्याचं गाठोडं. लातूर शहराएवढं लहान आणि सूर्याहून जड. त्याचं कागदोपत्री नाव म्हणजे आकाशातला नुसता पत्ता, आकडे आणि मधे अधिक-उण्याची खूण. ते तोंडात बसेना. सर देगलूरकडचे. “आमच्या शेताच्या बांधावर एक दगडोबा हाय,” ते म्हणाले होते, “शेंदूर फासून फासून फुगला, पण माझ्या आज्यानंबी त्याला कधी हललेला बघितला न्हाई. तसलाच हा.” ह्या दगडोबाच्या शेजारी एक साधा जिवंत तारा आहे. दोघं एकमेकांभोवती फिरतात, आणि फिरता फिरता जिवंत ताऱ्याच्या अंगावरचा वायू ओढला जाऊन मेलेल्याभोवती भोवऱ्यासारखा साठत राहतो. वर्षानुवर्षं साठतो. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. मग केव्हातरी तो साठा तापतो, आत कोसळतो, आणि क्ष-किरणांचा असा लोट उठतो की ते पाच-सहा आठवडे आभाळाच्या त्या कोपऱ्यात दुसरं कुणी राहतच नाही असं वाटावं. नंतर पुन्हा दगड. हे किरण हवेतून खाली पोचत नाहीत, त्यामुळं मान वर करून पाहायची सोय नाही. उपग्रहावर वायू भरलेली एक पेटी असते, तिच्यात किरण शिरला की एक टिचकी मोजली जाते, आणि खाली बसलेल्या माणसानं त्या टिचक्यांच्या रांगा वाचायच्या. अवघड ते हेच. दगडोबा झोपलेला असला तरी पेटी मोजतच असते. उपग्रह अटलांटिक समुद्राच्या दक्षिण अंगावरून गेला की आकडे चढतात, सूर्य खवळला की चढतात, पेटीला स्वतःची लहर लागली तरी चढतात. ह्या गोंगाटात खरं कुठलं आणि मांजराचं कुठलं, ते ठरवायचं.

सत्त्याण्णव साली तिनं ते ठरवलं होतं. आकड्यांत एक बारीकसा चढ होता, दोन दिवस टिकलेला. सगळ्यांनी पेटीची लहर म्हणून सोडून दिलेला. तिला तो सोडवेना. अंधाऱ्या घरात पाऊल टाकल्यावर आत कुणीतरी जागं आहे हे जसं कळतं, आणि कशावरून कळलं ते सांगता येत नाही, तसं काहीतरी होतं ते. सांगता येत नाही हे शास्त्रात चालत नाही, म्हणून ती बसली आणि एकेक लहर वजा करत गेली. अटलांटिकची, सूर्याची, पेटीच्या तापण्याची. आणि सगळं वजा केल्यावरही तो चढ तिथंच होता. तिसऱ्या दिवशी दगडोबा भडकला. त्याच्या उठण्याच्या अगदी सुरुवातीची नोंद कुणाकडं असेल तर ती नांदेडला, पंख्याखाली फडफडणाऱ्या तिच्या कागदांत होती. त्या कागदांवर वजन म्हणून सरांनी एक खराखुरा दगड आणून ठेवला होता. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. सर म्हणाले होते, लातूर काय लांब हाय का, महिन्याला चार दिवस येत राहा, दोन वर्षांत प्रबंध होतो. ती म्हणाली होती, येते.

ती ज्या घरात आली ते मुकुलचं घर होतं. मुकुल, म्हणजे तिच्या नवऱ्याचा धाकटा भाऊ, एम.एस्सी.ला तिच्या वर्गात होता, प्रयोगशाळेत तिचा जोडीदार. प्रेम वगैरे काही नव्हतं. दोघांच्या मधे एक गायगर काउंटर होता. समोर काहीही न ठेवता तासभर नुसती आजूबाजूच्या किरणांची टिचटिच मोजायची, हा पहिला प्रयोग. मुकुलला दहा मिनिटांत कंटाळा येई. “बघ, आपण समोर काहीच ठेवलं नाही, आणि तरी हा मोजून राहिला,” तो म्हणे. “ह्याला म्हणतात सवय.” मग तो खिडकीत जाऊन शीळ घाली, आणि प्रयोगवहीतले आकडे तिच्याकडून उतरवून घेई, चुकांसकट. त्र्याण्णवच्या गणपतीत तो लातूरला आला, आणि विसर्जनाच्या दिवशी तिथून आजोळी, किल्लारीच्या अलीकडं. त्या पहाटेनंतर वर्गातली मुलंमुली चादरी घेऊन नांदेडहून ट्रकनं आली, तेव्हा विशाखानं मुकुलच्या थोरल्या भावाला, राघवेंद्रला, पहिल्यांदा पाहिलं. उपड्या घमेल्यावर बसलेला, दोन्ही हात मनगटापर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेले. दगड उपसून उपसून सोलले होते, हे तिला कुणीतरी हळू आवाजात सांगितलं. त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि विचारलं, “चहा घेतलास का?” चार वर्षांनी त्या घरून विचारणा आली तेव्हा तिला तेवढंच आठवलं, आणि वाटलं, त्या दिवशी, तशा हातांनी, परक्या मुलीला चहाचं विचारणाऱ्या माणसाबरोबर दिवस काढता येतील. ह्यात आपली चूक झाली असं ती आजही म्हणणार नाही. दिवस निघाले. दिवसांबद्दल तिची तक्रार नव्हती.

राघवेंद्रनं ‘मुकुल क्लासेस’ काढले तेव्हा एक खोली आणि एक फळा होता. मग लातूरचं नाव झालं. उदगीर, निलंगा, हिमायतनगर, पार विदर्भातून आईबाप पोरांना घेऊन एसटीतून उतरू लागले, हातात गादीची वळकटी आणि तोंडात एकच शब्द, मेडिकल. खोलीचा हॉल झाला, हॉलचे तीन झाले, विशाखाच्या गळ्यात माईक आला. जिन्याच्या तोंडाशी मुकुलचा फोटो, हार घातलेला. परीक्षेला निघालेली पोरं त्याच्या पाया पडत. बोर्डात पहिला आलेला असणार, असं त्यांना वाटे. तो जेमतेम सेकंड क्लास होता हे घरात तिघांना माहीत होतं आणि तिघंही बोलत नसत. घर त्या फोटोभोवती फिरतं, ही उपमा तिला कितीदा समोर येऊन उभी राहिलेली दिसे; मेलेला तारा, जिवंत तारा, वगैरे. ती तिला हाकलून देई. क्लासमध्ये दिवसभर उपमाच विकाव्या लागतात, विद्युत्प्रवाह म्हणजे नळाचं पाणी, आणि पाणीच नसलेल्या गावात पोरं त्यावर खो खो हसतात. घरी आल्यावर तरी वस्तू आपापल्या जागी असाव्यात, एवढंच तिचं मागणं होतं.

आणि ह्या घरात कुणी ‘जातो’ म्हणत नसे. तसं कुणाच्याच घरी म्हणत नाहीत. निघताना ‘येतो’ म्हणावं, हे बोलायला लागल्यापासून सगळ्यांना कळतं. पण दुसरीकडं ते जिभेचं वळण असतं, इथं तो कायदा होता. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ती दारातून “क्लासला जाते हं, आई” म्हणाली. सासूबाई देवघरातून उठून आल्या, तिला परत आत नेलं, पाटावर बसवलं, हातावर साखर ठेवली आणि म्हणाल्या, “येते म्हण.” त्यांचा आवाज चढला नव्हता. संध्याकाळी गच्चीवर राघवेंद्रनं सांगितलं, “मुकुल दारातून ‘जातो’ म्हणाला होता. आई म्हणाली, येतो म्हण रे. त्याला गाडीची घाई होती.” एवढंच, आणि पुन्हा कधी नाही. हळूहळू तो शब्द इतर कामांतूनही उठला. लाईट जात नसे, ‘लाईट नाही’ असे. मुकुल गेलेला नव्हता, मेलेलाही नव्हता. ‘मुकुल नाही’, असं म्हणत, जणू बाजूच्या खोलीत नाही. पोरं मेडिकलला ‘लागत’, कुठं जात नसत. मुलगी, इरा, पुण्याला कॉलेजला निघाली तेव्हा आजीनं तिच्याकडून तीनदा ‘येते’ म्हणवून घेतलं. “आता मला यावंच लागणार बघ,” इरा रिक्षातून हसत म्हणाली, आणि ती खुशाल तिकडची झाली. तरुण माणसांना शब्द लागत नाहीत.

विशाखाला लागला. अठरा वर्षं ती ‘येते’ म्हणत होती. घरातून निघताना म्हणे, येते, आणि येई. फोनवर सरांना म्हणे, येते सर. आणि तेवढं मात्र होत नसे. एकच शब्द दोन्ही दारांना. ह्या दाराला तो म्हणजे परत येणं, त्या दाराला तो म्हणजे पोचणं; पण ह्यातून बाहेर पडल्याशिवाय तिथं पोचता येत नाही, आणि बाहेर पडायचा शब्दच घरात ठेवलेला नव्हता. एकदा, इरा लहान असताना, ती निघालीही होती. पिशवीत कागद, डब्यात पोळ्या, नांदेडची एसटी. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली, ती पाय मोकळे करायला उतरली आणि फोन वाजला. पेले पडले होते, सासूबाई धावताना उंबऱ्यात अडखळल्या होत्या, पाय मुरगळला होता. राघवेंद्र म्हणाला, “तसं विशेष नाही. तू हो पुढं.” त्याचा आवाज घमेल्यावर बसलेल्या माणसाचा होता. समोरच्या फलाटाला लातूरची गाडी लागलेली होती. ती तिच्यात चढली. नांदेडची गाडी तिची पाण्याची बाटली घेऊन एकटीच नांदेडला पोचली. नंतर सर म्हणाले होते, “दगडोबाचा उजेड वीस हजार वर्षं चालत येतो, त्याचं काही न्हाई. आपली विशाखा अहमदपूरला अडकती.” त्यांनी ते गमतीत म्हटलं होतं.

मेसेज आला त्या दुपारी जेवताना तिनं विषय काढला. “दगडोबा उठलाय.”

“कोण दगडोबा? हिमायतनगरच्या त्या पोराचे वडील?” राघवेंद्रनं विचारलं.

“तारा. आमचा.”

“हां.” तो थोडा वेळ वरण कालवत राहिला. “मग?”

“नव्या उपग्रहावरून बघून राहिलेत. जुना चढ आणि नवा चढ शेजारी ठेवून ताडायचा. जुन्या पेटीच्या खोड्या माहीत असलेलं माणूस पाहिजे. दोन-तीन महिने नांदेडला राहावं लागेल. नोंदणी पुन्हा करता येते म्हणाले.”

राघवेंद्र नाही म्हणाला नाही. तो कधीच नाही म्हणत नसे. ‘नाही’ हा त्यांच्या घरात मुकुलसाठी ठेवलेला शब्द होता. “बघू,” तो म्हणाला. “जुलैत पेपर झाला की बघू. ह्या वर्षी परीक्षाच एकाची दोन झाली, पोरं बावरलीत. तू नसलीस तर ऑप्टिक्स कोण घेईल, सांग बरं.”

“जुलैत तो परत झोपेल.”

“कोण?”

“दगडोबा.”

“कुणी आपल्यासाठी जागं राहतं का,” सासूबाई मधेच म्हणाल्या, आणि हे कुणाला म्हणाल्या ते कळायच्या आत पुढं म्हणाल्या, “भात घे, निवतोय.”

भात निवला. आठवडा निघाला. रोज जेवणं झाली की सरांचा फोन येई, आणि रोज ती म्हणे, येते सर. तिकडं आकडे चढत होते, भडका वर जाऊन टेकला होता, आणि इथं ती दोनशे पोरांसमोर भिंगातून किरण वाकवत होती. तोच कोन, तोच खडू, बहिर्वक्र म्हणजे पोट सुटलेलं हा तोच विनोद, त्याच जागी, आणि तोच हशा, जो आता तिच्याआधीच सुरू होई, कारण मागच्या वर्षीच्या पोरांनी ह्या वर्षीच्यांना सांगून ठेवलेला असे. कूलरमध्ये पाणी नव्हतं, तो नुसताच गरम हवा ढकलत होता. माईकमधून स्वतःचा आवाज हॉलच्या मागच्या भिंतीला लागून परत येई तेव्हा तिला वाटे, ही बाई कोण आहे, आणि हिला एवढं सगळं ठाम कसं माहीत आहे. फळ्याकडं तोंड केलं की छातीत टिचटिच ऐकू येई. समोर काहीच ठेवलेलं नाही, आणि तरी मोजणं चालू. ह्याला म्हणतात सवय. जिन्यातून खाली उतरताना निलंग्याच्या एका आईनं तिला अडवलं, “मॅडम, आमच्या ऋतुजाचं होईल का वो?” आणि विशाखा म्हणाली, “होईल,” आणि तिच्या लक्षात आलं की त्या बाईचं विचारून होण्याआधीच आपण ते म्हणालो होतो. कोंडलेल्या माणसाला दार बंद दिसत नाही, असं तिला वाटलं. त्याला दार नेहमी उघडंच दिसतं, आणि दारात कुणीतरी प्रेमाची माणसं उभी असतात, बाजूला सरका म्हणवत नाही अशी.

त्या दिवशी तिनं फोन खिडकीत ठेवला. घरात रेंज फक्त तिथंच येई, पेल्यांच्या शेजारी. क्लासमुळं आवाज बंद, नुसती थरथर चालू. ठेवला आणि ती मोरीत भांड्यांशी बसली. दोन वेळची साठलेली होती. राघवेंद्र मधल्या खोलीत पेपर तपासत होता, सासूबाई फरशीवर नुसत्या पदराचं उसं करून पडल्या होत्या. उन्हाचा आवाज येतो अशी दुपार. आणि पेले पडले. आधी घंटा, मग खणखणत एकेक. तिच्या हातातली राख तशीच, राघवेंद्रच्या हातात लाल पेन, त्यानं दुसऱ्या हातानं आईला उचललं म्हणावं असं उठवलं, आणि तिघं रस्त्यावर. वरून हॉस्टेलच्या मुली पुस्तकं छातीशी धरून धडधडत उतरल्या. बसलिंगप्पा आला, हातात पुडीचा दोरा. टँकरच्या रांगेतल्या बायका तेवढ्या हलल्या नाहीत.

“पडले का, काकू?” बसलिंगप्पानं विचारलं.

“पडले.”

“मला तर काई कळलं न्हाई. मोठा हाय का?”

“तुला कळेपर्यंत थांबतात होय रे पेले?”

रांगेतली एक घागरीवर हात ठेवून म्हणाली, “यिऊ द्या भूकंप. नंबर सोडायची न्हाई मी.” मुली हसल्या. डांबर तापून मऊ झालं होतं, एक तळपाय उचलून धरावा तर दुसरा भाजे. राघवेंद्रनं पेपरांचा गठ्ठा नकळत काखेत धरून आणला होता, तो त्यानं आईच्या डोक्यावर छत्रीसारखा धरला, आणि वर सज्जाकडं, मग तारांकडं, मग बायकोकडं, पुन्हा सज्जाकडं, असं बघत राहिला. त्याचे ओठ हलत होते. तो माणसं मोजत होता. घरात तिघंच होती, तरी तो पुन्हा पुन्हा मोजत होता, आणि प्रत्येक वेळी एक कमी भरल्यासारखं परत सुरुवातीपासून. हे तिनं इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं असं नाही. पण ह्या उन्हात तिला ते वाचता आलं. सगळं वजा केलं तरी तिथंच राहणारा आकडा.

जमीन हलली नव्हती. सासूबाई “चला” म्हणाल्या तेव्हा तिघं आत आली. पेले खोलीभर पसरलेले, एक पोचा पडलेला, आणि खिडकीच्या फरशीवर फोन पाठीवर पडलेल्या भुंग्यासारखा गुरगुरत, थरथरत, सरकत सरकत कडेला आलेला. पडद्यावर नाव, ‘सर नांदेड’; ते पुन्हा पुन्हा लावत होते. विशाखाला आधी काही कळलं नाही, मग कळलं, आणि तिला हसू आलं, ते थांबेना. वीस हजार वर्षांमागं निघालेला भडका उपग्रहाच्या पेटीत शिरला, तिथून नांदेडला सरांच्या टेबलावर, तिथून फोनमध्ये, फोनमधून खिडकीच्या फरशीत, आणि शेवटी पेल्यांपर्यंत. पेले खोटे पडले नव्हते. “काय झालं गं?” राघवेंद्रनं विचारलं, आणि ती नुसती फोनकडं बोट दाखवत राहिली.

फोन सासूबाईंनी उचलला. हिरव्यावर दाबायचं एवढं त्यांना ठाऊक होतं. सर फोनवर पहिल्यापासूनच नांदेडहून लातूरला हाक मारल्यासारखे बोलत. खोलीभर ऐकू आलं. “विशाखा, उतार लागला बघ. चढ तर हातचा गेला. उतार तरी बघ. पुन्हा उठंल तवा मी न्हाई, आन् तू साठीच्या पुढं. येतीस का न्हाई ते एकदा सांगून टाक, मी रोज विचारणार न्हाई.”

सासूबाईंनी फोन तिच्यापुढं धरला. राघवेंद्र हळूच म्हणाला, “सांग ना, जुलैनंतर येते म्हणून.”

“येते सर,” विशाखा म्हणाली. जीभ आपोआप तिथं पोचली.

फोन बंद झाला. सासूबाईंनी तिच्याकडं पाहिलं, ह्या वेळी तिच्याकडंच. “हे आता कुणाला म्हणालीस? त्यांना की मला?”

सासूबाई खाली बसल्या, हाताच्या अंतरावर होते तेवढे पेले त्यांनी ओढून घेतले, पोचा पडलेला उलटसुलट पाहिला, अंगठ्यानं आतून दाबून बघितला. उतरंड रचायला घेतील असं वाटलं. पण त्या पेला मांडीवर घेऊन नुसत्या बसून राहिल्या. मग म्हणाल्या, “तो ‘जातो’ म्हणाला म्हणून मेला नाही.”

“आई, नको,” राघवेंद्र म्हणाला.

“का नको? हात तुझे सोलले होते. तूच उपसलंस. तुला माहीत नाही का?” त्यांचा आवाज कोरडा होता, दुपारच्या माठासारखा. “माळवद पडलं म्हणून मेला. माझ्या भावाचं माळवद. गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी वर मातीचा एक थर टाकायचे. माझ्या आज्यानं टाकला, बापानं टाकला, भावानं टाकला. खालच्या थराचं कुणी काही काढलं नाही, वरून टाकत राहिले. ते सगळं एकदम खाली आलं. त्यात त्याच्या बोलण्याचं काय होतं? तो ‘येतो’ म्हणाला असता तरी ते आलंच असतं.”

वर एक मुलगी मोठ्यानं पाठ करू लागली होती, पेशींची नावं. राघवेंद्र भिंतीला टेकून खाली बसला, लाल पेन अजून हातात, आणि तळहात उघडून त्यांच्याकडं बघत राहिला. विशाखाला वाटलं आता तो रडेल, आणि तो रडला असता तर ती थांबली असती. हे तिलाही माहीत होतं आणि त्यालाही. तो रडला नाही. त्यानं वर पाहिलं आणि विचारलं, “चहा घेतलास का?”

“नको. ऊन आहे,” ती म्हणाली.

सासूबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. पोचा पडलेला पेला त्यांनी माठातून भरला, काठोकाठ, त्या उन्हाळ्यात कुणी कुणाला भरत नसे तसा, आणि तिच्या हातात दिला. तिनं तो उभ्यानं पिऊन टाकला. मग पिशवी भरली. फार काही नव्हतंच, चार साड्या आणि वर्षानुवर्षं कापडात बांधलेले ते कागद. राघवेंद्रनं पिशवी दारापर्यंत आणली आणि तिथं तो थबकला, कारण पुढं काय बोलतात ते त्याला कधी शिकवलेलं नव्हतं. मागं खिडकी रिकामी होती. बसलिंगप्पा पलीकडून मान लांब करून तिकडंच बघत होता.

“नीट म्हण,” सासूबाई म्हणाल्या.

विशाखानं चप्पल घातली. “जाते, आई,” ती म्हणाली.